करवीरचें नाट्यगृह
(पॅरिशच्या ज्युबिलीनिमित्त झालेल्या व्याख्यानमालेंतील एक व्याख्यान)



ज्युबिलीच्या या व्याख्यानमालेंत आपल्या कोल्हापूर शहराविषयीं कांहीं बोलावें, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हां प्रथम आम्ही टाळाटाळच केली. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे, नट नव्हे, गवईही नव्हे. खुर्चीवर बसून नाटक पाहणारा जो सामान्य वर्ग, त्यांतील आम्ही. आणि खुर्ची मोडकी निघाली म्हणजे मध्यंतरांत कुरकुर करणारा जो त्याहूनही सामान्य वर्ग, त्यांतीलही आम्हीच. परंतु ज्या खुर्च्यांविषयीं आम्ही वर्षानुवर्षें कुरकुरत होतों, त्या सन २०२४ च्या ऑगस्ट महिन्याच्या आठव्या तारखेस रात्रीं जळून खाक झाल्या. तेव्हांपासून आमच्या मनाला एक रुखरुख लागून राहिली आहे. ती चार लोकांसमोर बोलून दाखविल्यास थोडी हलकी होईल, या स्वार्थी हेतूनें आम्हीं हें काम अखेर पत्करलें. आजचा विषय आहे केशवराव भोसले नाट्यगृह. जुन्या मंडळींचें पॅलेस थिएटर.

येथें बसलेल्यांपैकीं कित्येकांनीं तें नाट्यगृह केवळ समोरून पाहिलेलें नाहीं, तर आंतूनही पाहिलेलें आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनांत कोणी झाड झालें असेल, कोणी सैनिक झाला असेल, कोणी समूहगायनांत मागच्या रांगेंत उभें राहून नुसते ओठ हलविले असतील. दिव्यांच्या झोतापलीकडचा तो काळोख, आणि त्या काळोखांत कोठें तरी आपली आई बसली आहे हा भरंवसा, ही ज्याच्या बाळपणाची ठेव आहे, त्याला या इमारतीचें महत्त्व पटवून देण्याची गरज नाहीं. ज्यांचा असा प्रसंग आला नाहीं, त्यांच्यासाठीं पूर्वकथा सांगतों.

या नाट्यगृहाच्या कथेचा आरंभ नाटकानें करतां येत नाहीं, कुस्तीनें करावा लागतो. राजर्षि शाहू छत्रपति महाराज १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणसमारंभानिमित्त विलायतेस गेले. त्या प्रवासांत रोम शहरांतील तें पुराणप्रसिद्ध वर्तुळाकार क्रीडागार त्यांच्या पाहण्यांत आलें. आपणांपैकीं ज्यांना रोमची यात्रा घडली असेल, त्यांना तेथें पाऊल टाकतांच हुतात्म्यांच्या कथा आठवल्या असतील. महाराजांच्या चाणाक्ष दृष्टीला मात्र त्या भग्न दगडांत आणखीही कांहीं दिसलें. तें असें कीं, माणसें वर्तुळांत आणि चढत्या पायऱ्यांनीं बसविलीं, तर मधला आखाडा पहिल्याला जितका दिसतो तितकाच शेवटच्यालाही दिसतो. दरबारांत बसण्याच्या रीतीहून ही रीति अगदीं निराळी. दरबारांत जो जवळ तो मोठा, आणि जो दूर त्याला फक्त पागोट्यांचे शेंडे दिसावयाचे.

परत आल्यावर त्यांनीं खासबागेंत कुस्तीचें मैदान बांधविलें. तें १९१२ सालीं खुलें झालें. मध्यें तांबड्या मातीचा हौदा, भोंवतीं उतरत्या बैठकी, आणि हजारों माणसांनीं एकाच वेळीं एकच डाव पाहावा अशी योजना. पन्हाळ्याच्या बाजूनें बैलगाडी जुंपून आलेला कुणबी आणि दरबारचा मानकरी हे दोघेही एकाच पैलवानासाठीं घसा फोडून ओरडत. हें मैदान भरलें म्हणजे जो आवाज उठे, तो नदीपलीकडे ऐकूं जाई असें जुने लोक सांगत. जुन्या लोकांचे कान आपल्यापेक्षां तीक्ष्ण होते कीं कल्पना, हें आम्ही ठरवूं शकत नाहीं.

याच मैदानाच्या पाठीला पाठ लावून महाराजांनीं नाटकगृह उभारण्यास घेतलें. बांधकामास १९१३ च्या ऑक्टोबर महिन्यांत आरंभ झाला, आणि ता. १४ ऑक्टोबर १९१५ रोजीं तें खुलें झालें. नांव ठेवलें पॅलेस थिएटर. बाहेरून भक्कम काळा दगड. आंत प्रेक्षागृहांत दृष्टीच्या आड येईल असा एकही खांब नाहीं. आणि रंगमंचाच्या पाठीमागें, मैदानाकडे तोंड करून, दुसरा खुला मंच. म्हणजे एका बाजूला तिकीट काढून आंत बसलेले कांहीं शें लोक, आणि दुसऱ्या बाजूला मोकळ्या आकाशाखालीं हजारों माणसें मावतील एवढी जागा. एकाच भिंतीच्या दोन बाजूंस दोन रंगमंच.

आमचें आजचें मुख्य सांगणें या भिंतीविषयींच आहे, म्हणून येथें थोडें थांबतों. त्या काळीं नाटक पाहणें ही पांढरपेशा लोकांची चैन समजली जात होती, आणि कुस्ती पाहणें हा शेतकऱ्यांचा आणि तालीमबाज पोरांचा नाद. दोहोंचे शौकीन एकमेकांकडे तुच्छतेनें पाहत. सदाशिव पेठेंतील रसिकाला लाल मातीचा वास सहन होत नसे, आणि तालमींतील वस्तादाला लुगडें नेसून गाणारा पुरुष पाहवत नसे. अशा काळांत एका राजानें आखाडा आणि नाटकगृह एकमेकांस चिकटवून बांधावें, हें केवळ जागेच्या सोयीसाठीं झालें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या पुरुषानें १९०२ सालीं मागासलेल्या वर्गांसाठीं राज्याच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, आणि पुढें प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, त्याच पुरुषाचा हा दगडांत केलेला हुकूम आहे, असें आम्ही समजतों. कोणी यास आमची कल्पना म्हणेल. म्हणो बापडा.

त्या वेळचें नाटक म्हणजे काय प्रकार होता, हें आजच्या तरुणांस सहज ध्यानांत येणार नाहीं. नाटक मंडळी म्हणजे एक चालतें बोलतें गांवच असे. नट, साजिंदे, आचारी, पडदेवाले, कपडेवाले, आणि विद्या शिकण्याच्या नांवाखालीं पाणी भरणारीं पोरें, असा सर्व परिवार पडदे आणि पेट्या घेऊन आगगाडीनें, आणि जेथें आगगाडी नाहीं तेथें बैलगाडीनें, गांवोगांव हिंडे. नाटक रात्रीं सुरू होई तें पहांटे संपे. ध्वनिवर्धक यंत्र नव्हतें. नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोंचला नाहीं तर तो नटच नव्हे, असा रोकडा हिशेब. 'वन्समोअर' चा गजर झाला कीं एकच पद तीन तीन, चार चार वेळां गावें लागे. अशा नटाला चांगलें नाटकगृह म्हणजे केवळ डोक्यावरचें छप्पर नव्हे. ती त्याच्या घशाची दयामाया होती. पॅलेस थिएटरांत बोललेला शब्द फारसे श्रम न पडतां मागें जातो, ही गोष्ट नटलोक एकमेकांस सांगत, आणि तिचा अनुभव आम्हीं स्वतः शेवटच्या रांगेंतून घेतलेला आहे. स्वस्त तिकीट काढण्याचा हा एक लाभ.

महाराजांना नाटकाविषयीं किती आस्था होती, हें सांगणारी एक गोष्ट सर्वश्रुत आहे. पण ती आपल्या या सभेंत विशेष शोभेल. नारायण श्रीपाद राजहंस नांवाच्या एका मुलाचा गळा अलौकिक होता, परंतु कानाच्या दुखण्यानें तो बेजार झाला होता. महाराजांनीं त्यास मिरजेच्या मिशन हॉस्पिटलांत डॉक्टर वानलेस यांजकडे उपचारार्थ पाठविलें. हें हॉस्पिटल आपल्या पंथाचें नव्हे, अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनचें. परंतु कान बरा करतांना कोणी पंथ विचारला नाहीं. मिरजेच्या त्या मुक्कामांतच किर्लोस्कर मंडळीशीं संबंध जुळून तो मुलगा १९०५ सालीं शकुंतलेच्या भूमिकेंत रंगभूमीवर उभा राहिला. त्यासच पुढें सारा महाराष्ट्र बालगंधर्व म्हणूं लागला. एका संस्थानिकाचा शब्द आणि एका परदेशी वैद्याचा हात यांचा मराठी संगीतावर केवढा उपकार आहे, हें मनांत आणलें म्हणजे मौज वाटते.

आतां ज्यांचें नांव आज या नाट्यगृहास आहे, त्यांच्याकडे वळूं.

केशवराव भोसले यांचा जन्म ता. ९ ऑगस्ट १८९० रोजीं याच शहरांत झाला. घर गरीब, वडिलांचें छत्र लहानपणींच हरपलें. आईनें मुलांना नाटक मंडळींत घातलें. आज आपण मुलाला वसतिगृहांत ठेवतों तेव्हां दहा ठिकाणीं चौकशी करतों. त्या माउलीपुढें चौकशीचा प्रश्नच नव्हता, दोन वेळच्या अन्नाचा प्रश्न होता. शाळेची पाटी धरण्याच्या वयांत या मुलानें तोंडाला रंग लावला. पुढें स्वदेशहितचिंतक मंडळींत देवलांच्या 'संगीत शारदा' या नाटकांत तो शारदेची भूमिका करूं लागला, आणि त्याचें नांव गांवोगांव झालें. पैशाच्या लोभानें म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधली जाणारी बालिका, हें त्या नाटकाचें सूत्र. स्वतःचें बाळपण ज्याला लाभलें नाहीं, त्या मुलानें दुसऱ्या एका हिरावलेल्या बाळपणाचें दुःख गावें, आणि साऱ्या सभेनें रडावें! त्या मुलाच्या मनांत काय चालत असेल, तें त्यासच ठाऊक.

१९०८ सालच्या पहिल्या जानेवारीस, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षीं, त्यांनीं हुबळी येथें 'ललितकलादर्श' ही आपली स्वतंत्र मंडळी काढली. अठरा वर्षेंही पुरीं न झालेला मालक! आमच्या घरीं अठरा वर्षांचा मुलगा आहे, त्याला भाजी आणावयास पाठवितांना आम्ही पिशवीवर यादी टांचून देतों. केशवरावांनीं रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या उस्तादाची तालीम घेतली, नवीन नाटककार हुडकून काढले. मामा वरेरकरांचीं सामाजिक नाटकें त्यांनीं धिटाईनें रंगभूमीवर आणलीं. हुंड्यावर कोरडे ओढणारें 'हाच मुलाचा बाप' हें त्यांपैकीं एक.

ता. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस जो 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला, त्याची वार्ता आजही नाट्यप्रेमी लोक डोळे मिटून सांगतात. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं हा प्रयोग होता. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक एका रात्रीपुरते एका रंगमंचावर आले. खाडिलकरांच्या त्या नाटकाच्या चाली बसविल्या होत्या गोविंदराव टेंबे यांनीं. म्हणजे तेही आपल्याच मुलखाचे. १८८३ सालापासून चालत आलेल्या आपल्या गायन समाज देवल क्लबाच्या बैठकींत वावरलेला, आणि दरबारगवई अल्लादियाखांसाहेबांचें गाणें कानांत साठवून ठेवलेला हा पुरुष. त्या रात्रीं मुंबईच्या रंगमंचावर जें कांहीं ऐकूं आलें, त्याचा निम्मा उगम पंचगंगेच्या कांठीं होता असें म्हटल्यास अतिशयोक्ति होईल. पण ती आम्हांस गोड वाटते, आणि ज्युबिलीच्या दिवसांत एवढी सवलत असावी.

या प्रयोगानंतर तीन महिनेही झाले नाहींत तोंच, ता. ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव इहलोक सोडून गेले. वय अवघें एकतीस. शाहू महाराजही पुढल्याच वर्षीं, १९२२ च्या मे महिन्यांत, निवर्तले. नाटकगृह बांधणारा गेला आणि ज्याच्या नांवानें तें पुढें ओळखलें जावयाचें होतें तोही गेला. ललितकलादर्श मात्र बापूराव पेंढारकरांनीं आणि त्यांच्यामागें त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनीं चालविली.

या कलांचा परस्परांशीं संबंध किती निकटचा होता, हें सांगण्यासाठीं एक बाजूची वाट घेतों. नाटकाला पडदे लागतात. पडदे रंगविणारे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलत बंधु याच शहराचे. राजवाडा, अरण्य, रस्ता, असे देखावे त्यांनीं कापडावर असे उठविले कीं, पडदा वर गेला कीं नटाच्या आधीं पडद्यालाच टाळी पडावी. पडदे रंगवितां रंगवितां या बंधूंना हलत्या चित्रांचा ध्यास लागला. चित्रें घेण्याचें यंत्र स्वतःच तयार करण्याच्या खटपटींत ते पडले. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं तो ध्यास सोडला नाहीं. १९१७ सालीं महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, १९२० सालीं 'सैरंध्री' हा बोलपट, नव्हे मूकपट, लोकांपुढें आला, आणि १९२५ च्या 'सावकारी पाश' या चित्रांत कर्जानें नाडलेला शेतकरी प्रथमच पडद्यावर दिसला. त्या तरुण शेतकऱ्याचें काम करणारे व्ही. शांताराम पूर्वीं गंधर्व मंडळींत उमेदवारी करून आलेले होते. त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९२९ सालीं येथेंच प्रभात कंपनी स्थापिली, ती १९३३ सालीं पुण्यास गेली. सांगावयाचें तात्पर्य हें कीं, नाटकाच्या पडद्यामागचा जो सुतार, जो रंगारी, जो शिंपी, त्याच्याच हातून पुढें चित्रपटाचा जन्म झाला. कलेचें घर केवळ गाणाऱ्याचें नसतें. खिळा मारणाऱ्याचेंही तें घर असतें, आणि त्याचें नांव फलकावर येत नाहीं.

आगीचा अनुभवही या शहराला नवा नव्हे. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ सालीं ज्या दंगली झाल्या, त्यांत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यांत आला. तयार झालेल्या चित्राच्या फिती त्यांत गेल्या. त्या वृद्ध पुरुषानें—वृद्ध म्हणतों, पण त्या वेळीं ते पन्नाशींतच होते—स्टुडिओ पुन्हां उभा केला, आणि जळालेलें 'मीठभाकर' हें चित्र पुन्हां पहिल्यापासून घेतलें. ती आग माणसांच्या क्रोधानें लागलेली होती. अशा आगीला निदान एक उत्तर असतें: क्षमा करावी, किंवा न करावी. आमच्या नाट्यगृहाच्या आगीला तेवढेंही उत्तर आम्हांस सांपडलें नाहीं.

१९४९ च्या मार्च महिन्यांत कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. राजवाड्याचें तें आतां प्रजेचें झालें. १९५७ सालीं नूतनीकरण होऊन पॅलेस थिएटरास केशवराव भोसले यांचें नांव देण्यांत आलें. या नामकरणांत आम्हांस एक न्याय दिसतो. बांधणाऱ्या राजानें आपलें नांव दिलें नव्हतें. आणि लोकांनीं नांव दिलें तें पोटासाठीं नाटकांत गेलेल्या एका पोरक्या मुलाचें.

पुढील पांच-सहा तपांचा वृत्तांत आम्ही लांबवीत नाहीं. तो तुमच्याच आयुष्याचा वृत्तांत आहे. मुंबई-पुण्याच्या मंडळ्या आल्या आणि गेल्या. १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेनें हौशी मंडळींना पंख फुटले. दिवसा कारखान्यांत यंत्र चालवावें, पेढीवर हिशेब लिहावा, आणि रात्रीं बाराबारा वाजेपर्यंत तालीम करावी, असे वेडे पीर या शहरांत प्रत्येक पिढींत निपजले. इमारतीची डागडुजी अधूनमधून झाली. तक्रारीही झाल्या. एक तक्रार आमच्या स्वतःच्या आठवणींतील आहे. आमच्या ओळखीच्या कांहीं तरुणांनीं एक नाटक बसविलें. भाडें, अनामत, आणखी कसली कसली पावती, असें करतां करतां त्यांची वर्गणी संपली, आणि प्रयोग झालाच नाहीं. आम्हीं त्यांना त्या वेळीं काय दिलें? सहानुभूति. ती देण्यास खर्च येत नाहीं.

आणि हें सांगितलें म्हणजे ती दुसरी गोष्टही सांगणें प्राप्त आहे, जिच्यामुळें ही रुखरुख लागली. आगीच्या तीन आठवडे आधीं त्याच तरुणांपैकीं एकानें दुसरें नाटक उभें केलें. या वेळीं त्यानें कसें तरी करून भाडें भरलें होतें. त्यानें घरीं येऊन आमच्या हातांत दोन तिकिटें दिलीं. पैसे घेतले नाहींत. त्या संध्याकाळीं पाऊस होता. श्रावणसरी नव्हे, आषाढाचा झोडपणारा पाऊस. आम्हीं खिडकींतून पाहिलें, चहा घेतला, आणि गेलों नाहीं. पुढच्या वेळीं जाऊं म्हटलें. नाट्यगृह कोठें पळून जात होतें?

ता. ८ ऑगस्टच्या रात्रीं शेजाऱ्यानें दार ठोठावून सांगितलें तेव्हां प्रथम खरें वाटेना. आम्ही बिंदु चौकाच्या बाजूनें निघालों, तों आकाश तांबूस झालेलें दिसलें. पोलिसांनीं गर्दी दूर धरली होती. पाण्याचे बंब येत होते आणि जात होते. लांकूड, कापड, खुर्च्यांच्या गाद्या, वर्षानुवर्षांचा रंग. पेटण्यासाठींच जणूं सर्व जमविलेलें होतें. छप्पर गेलें, रंगमंच गेला, प्रेक्षागृह गेलें. सुदैवानें जीवितहानि झाली नाहीं. गर्दींत आरडाओरडा फारसा नव्हता, हें आम्हांस विशेष आठवतें. लोक प्रेतयात्रेला उभे राहतात तसे उभे होते. आमच्या पुढें एक गृहस्थ सारखे पुटपुटत होते, "उद्यां जयंती, उद्यां जयंती." आम्हांस उलगडा होण्यास थोडा वेळ लागला. उजाडतां ९ ऑगस्ट. केशवरावांचा जन्मदिवस.

दुसऱ्या दिवशीं शहरांतील कलावंत त्या दाराशीं जमले. आंतून अजून धुराचा वास येत होता. आम्हीही गेलों. दगडी भिंती काळवंडून उभ्या होत्या. ज्यानें आम्हांस तिकिटें दिलीं होतीं तो तरुणही तेथें होता. त्यानें आमच्याकडे पाहून नमस्कार केला. नाटकास कां आला नाहीं, असें त्यानें त्या दिवशींही विचारलें नाहीं, आणि पुढेंही कधीं विचारलें नाहीं. त्यानें विचारलें असतें तर बरें झालें असतें.

सरकारनें आणि महानगरपालिकेनें पुनर्बांधणीसाठीं निधि जाहीर केला आणि काम हातीं घेण्यांत आलें. वास्तु जशी होती तशीच उभारावी, हा लोकांचा आग्रह. या आग्रहाशीं आम्ही सहमत आहों. परंतु 'जशी होती तशी' या शब्दांचा अर्थ काय, हें मात्र एकदां नीट विचारलें पाहिजे असें वाटतें. कमानी तशाच करतां येतील, दगड तसाच मिळेल, खुर्च्यांचा रंगही जुना पाहून देतां येईल. उत्तम दिवे येतील, आगीपासून रक्षण करणारी यंत्रें येतील, आणि तीं आलींच पाहिजेत. पण १९१५ सालीं ती कशी होती? एका भिंतीच्या दोन बाजूंस दोन रंगमंच होते, आणि दुसऱ्या बाजूचा प्रेक्षक मोकळ्या आकाशाखालीं बसणारा होता. तो मैदानाकडचा मंच मिरविण्यापुरता उभा राहणार, कीं त्यावर वर्षांतून चार वेळां तरी नाटक होणार, आणि पन्हाळ्याकडचा, राधानगरीकडचा माणूस तें पाहणार? आणि आंतल्या बाजूस, वर्गणी काढून नाटक करणाऱ्या दहा पोरांना परवडेल असें भाडें राहणार, कीं नव्या संगमरवराबरोबर भाडेंही वर चढणार? हे प्रश्न इमारत बांधणाऱ्या गवंड्याचे नव्हेत. ते आमचे आहेत, तुमचे आहेत. आम्हीं स्वतः या बाबतींत एक अर्ज लिहून सह्या गोळा करण्यास आरंभ केला आहे. बाहेर मेजावर तो ठेवलेला आहे. त्यांतील भाषा जड झाली आहे असें आमच्या मुलाचें मत आहे, तरी तो वाचावा; आणि पटल्यासच सही करावी, भिडेनें करूं नये.

बोलण्यासारखें आणखी पुष्कळ आहे. आबालाल रहिमान यांच्यासारख्या चित्रकाराविषयीं एक शब्दही बोलणें झालें नाहीं, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु घड्याळ सात वाजल्याचें दाखवीत आहे. नाट्यगृह बंद पडल्यापासून त्या तरुण मंडळींच्या तालमी आपल्या याच हॉलमध्यें होतात. जागेचें भाडें फादरसाहेबांनीं घेतलेलें नाहीं, आणि हें येथें सांगितल्याबद्दल ते आम्हांवर रागावतील. मुलें मघापासून व्हरांड्यांत उभीं आहेत. एकजण तर दारांतून दोनदां डोकावून गेला. तरी आभारप्रदर्शनाचा समारंभ अध्यक्षमहाराजांनीं दोन वाक्यांत आटोपावा, आणि आपण बसला आहांत तीं बाकें उचलून भिंतीला लावण्यास प्रत्येकानें हात लावावा, अशी विनंति आहे.